बुडालेले रान

दिंडोशीच्या टेकडीवर बसून पाणबुडीच्या कादंबऱ्या वाचण्याचा माझा नाद फार जुना. 1870 साली पुऱ्या झालेल्या ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत कॅप्टन नेमो आपल्या पाहुण्याला बुडालेले अटलांटिस दाखवतो. हा नेमो मूळचा बुंदेलखंडाचा राजपुत्र, 1857 च्या उठावातला बंडवाला, हे व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत सांगितले. नायक आपला, बुडालेला मुलूख मात्र परका, याची मला चुटपुट लागे.

ती इतिहासाने घालवली. 1878 च्या सुमारास मुंबईचा प्रिन्सेस डॉक खणताना चिखलात गाडलेले खैराचे रान लागले. 382 झाडे मोजली गेली. त्यांपैकी 223 जागच्या जागी उभी! खैर काही खाऱ्या पाण्यात रुजत नाही. म्हणजे तिथे एके काळी कोरडी जमीन होती. ती खचली म्हणा की समुद्र चढला म्हणा, पाणी आले एवढे खरे.

कादंबरीत सोन्याची नगरे बुडतात; आमच्याकडे काताचे झाड बुडाले. तोच खैर साष्टीच्या डोंगरांत अजून उभा आहे. त्याच्या विरळ सावलीतून मालाडच्या खाडीकडे, तिथे भराव घालून उठवलेल्या वस्तीकडे पाहिले, की पुस्तक मिटूनही कथा मिटत नाही.