बर्मिंगहॅमचं अंगुस्तान

भोसरीत पॉवर प्रेसवर मी बावीस वर्षं काढली, आता संध्याकाळी पोरांना गिटार शिकवतो. त्यामुळे ‘अपघात झाला म्हणून तर हेवी मेटल जन्मलं’ असं ब्लॅक सॅबथ या बँडच्या गिटारिस्टबद्दल, टोनी आयोमीबद्दल, कुणी कौतुकानं बोललं की मला सहन होत नाही. प्रेसखाली हात सापडला की काय होतं, ते मी शेजारच्या मशीनवर पाहिलंय.

आयोमी तेव्हा सतरा वर्षांचा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला होता. एका बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलेलं, म्हणून कामाचा तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायला तयार नव्हता. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. प्रेसवरचं माणूस आलं नव्हतं, म्हणून याला तिथं बसवलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. तो डावखुरा, तारा दाबायचा हात नेमका हाच.

कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांवर सुरावट वाजवणारा हा गिटारिस्ट.

त्यानंतर आयोमीनं केलं ते टूलरूममधल्या कसबी माणसाचं काम. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून गोळा केला. तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं बोट बसेल एवढं भोक पाडलं. घासून घासून आकार दिला. प्लॅस्टिक तारेवरून घसरायला लागलं, तेव्हा जुन्या जॅकेटच्या चामड्याचे तुकडे वर चिकटवले. शिंप्याचं अंगुस्तानच ते! पण टोपणातल्या बोटाला तार कळत नाही, जाड तार झेपत नाही. बारीक तारांचे संच तेव्हा मिळत नसत, म्हणून त्यानं बँजोच्या तारा चढवल्या. पुढे ब्लॅक सॅबथच्या 1971 च्या अल्बममध्ये, ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर उतरवल्या. तार ढिली, नाद खोल. आज मेटलवाले सर्रास तारा उतरवतात.

ब्लॅक सॅबथचे चौघे बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातले. गावोगाव वाजवून हात इतका बसला होता, की 1970 ची पहिली रेकॉर्ड जवळजवळ एका दिवसात झाली. तिचं पहिलंच गाणं षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम एवढ्यावर उभं आहे. युरोपात षड्ज ते तीव्र मध्यम हे अंतर सैतानाचं म्हणून ओळखलं जातं. आपला यमन त्याच तीव्र मध्यमाशिवाय होत नाही.

पुढे गायक बदलले, ड्रमर बदलले. प्रत्येक संचात राहिला तो एकटा आयोमी. 2012 मध्ये कॅन्सरचं निदान झालं, तरी उपचार सांभाळून त्यानं दौरे केले. 5 जुलै 2025 ला अ‍ॅस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला. सत्त्याहत्तराव्या वर्षीही दोन बोटांवर टोपणं होतीच.

श्रेय द्यायचं तर सोल्डरिंग आयर्न धरणाऱ्या त्या हाताला द्या, प्रेसला देऊ नका. आणि शॉपमध्ये माणूस कमी पडला म्हणून सवय नसलेल्या पोराला प्रेसवर बसवू नका.