हाडांचा फोटो आणि तो काढणाऱ्या बाया

 

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईचा पाच वर्षांचा मुलगा ओट्यावरून पडला. हात सुजला, म्हणून ती त्याला घेऊन तालुक्याला एका दवाखान्यात गेली. हाताचा फोटो काढायला सांगितला. पोर रडत होतं, हात हलवत होतं. "धरा त्याला नीट," असं सांगितल्यावर ताईने धरलं. फोटो निघाला, प्लास्टर झालं, दोघं घरी आली.

त्या वेळी ताईला दोन महिने गेले होते. रांगेत शेजारी दीर उभा, त्यामुळे बोलायची लाज वाटली. तिला कुणी विचारलंही नाही. अंगावर घालायला काही दिलं नाही. चार दिवसांनी शेजारची एक बाई म्हणाली, "आता पोटातलं अधू निघणार. काढून टाक." ताईच्या तोंडचं पाणी पळालं. जेवण जाईना, झोप लागेना.

मासिक सभेत बचतीचे पैसे मोजताना तिला रडू फुटलं, तेव्हा आम्हाला कळलं. आम्ही दोघीतिघी तिला घेऊन एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, की लहान मुलाच्या हाताच्या फोटोला फार थोडे किरण लागतात. त्यातले तुझ्या पोटापर्यंत पोचले असतील ते नगण्य. बाळाला काही होणार नाही. पण तुला विचारायला हवं होतं, आणि तूही सांगायला हवं होतंस. आज ते बाळ रांगतंय.

तेव्हापासून आमच्या मनात एक प्रश्न राहिला. या फोटोला घाबरायचं तरी किती, आणि काळजी घ्यायची ती कशी? उत्तर शोधायला लागलो तर सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती आला. त्यात बायकाच बायका निघाल्या. तो आज सांगतो.

८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतल्या वुर्झबर्ग गावात विल्हेल्म राँटजेन नावाचे प्राध्यापक अंधाऱ्या खोलीत काम करत होते. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून ते वीज सोडत होते. नळी काळ्या कागदात गुंडाळलेली, तरी काही अंतरावरचा रसायन लावलेला पुठ्ठा चमकायला लागला. कागदातून आरपार जाणारे हे किरण कसले, ते कळेना. गणितात माहीत नसलेल्या आकड्याला 'क्ष' म्हणतात, म्हणून त्यांनी यांना क्ष-किरण म्हटलं. इंग्रजीतला एक्स तोच.

२२ डिसेंबरला त्यांनी पत्नीला, आना बेर्था यांना बोलावलं आणि त्यांचा हात फोटोच्या काचेवर ठेवायला सांगितला. काचेवर उमटली ती बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी. जगातल्या पहिल्या एक्स-रे फोटोंपैकी सगळ्यात गाजलेला हा फोटो एका घरच्या बाईच्या हाताचा आहे. आपलीच हाडं पाहून त्या घाबरल्या, असं सांगतात. आपणही घाबरलो असतो.

हे होतं कसं? उन्हात हात धरला की भिंतीवर सावली पडते, तशीच ही एक सावली. क्ष-किरण मांसातून सहज जातात, हाडात बरेचसे अडतात. जिथून किरण आरपार गेले तिथे फिल्म काळी होते, जिथे अडले तिथे पांढरी राहते. म्हणून हाड पांढरं दिसतं आणि मोडलेल्या जागी काळी रेघ दिसते. छातीच्या फोटोत हवेने भरलेली फुप्फुसं काळी दिसतात. तिथे पांढरा डाग दिसला तर डॉक्टर पुढची तपासणी करायला सांगतात.

राँटजेन यांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही. तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलंच नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. शोध खुला असल्यामुळे वर्षभराच्या आत जगभर लोक एक्स-रे काढायला लागले. पण या किरणांनी अंगाला काय होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. किरण दिसत नाहीत, चटका देत नाहीत, वास येत नाही. मग भीती कशाची वाटणार? यंत्र नीट चालतंय का ते पाहायला लोक स्वतःचाच हात मध्ये धरायचे, दिवसातून कितीतरी वेळा.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात एलिझाबेथ फ्लाइशमन नावाची बाई हिशेबनीस म्हणून कामाला होती. घर चालवायला शाळा अर्धवट सोडलेली. तिने या किरणांबद्दल वाचलं, शिकून घेतलं आणि १८९७ साली स्वतःची एक्स-रे खोली उघडली. लढाईवरून आलेल्या जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या नेमक्या कुठे आहेत, ते ती दाखवून द्यायची. मोठमोठे डॉक्टर तिचे फोटो वाखाणायचे. पुढे तिच्या हातांची कातडी खराब व्हायला लागली. फोटो धुवायच्या औषधांनी होत असेल, असं तिला वाटलं. तो कर्करोग होता. १९०५ साली तिचा हात कापावा लागला आणि त्याच वर्षी ती वारली.

त्याच्या आदल्या वर्षी, १९०४ मध्ये, एडिसन यांच्या कारखान्यातला मदतनीस क्लॅरेन्स डॅली असाच गेला. त्याचे दोन्ही हात कापावे लागले होते. खुद्द एडिसन यांनीही एक्स-रेचं काम सोडून दिलं.

पुढे १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. जखमी सैनिकाला एक्स-रेसाठी लांबच्या शहरात न्यायचं, तर तो वाटेतच जायचा. मेरी क्युरी तोवर दोन नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञ होत्या. त्यांनी मोटारगाडीतच एक्स-रे यंत्र बसवलं. गाडीच्या इंजिनावर वीज तयार करायची आणि यंत्र चालवायचं. अशा सुमारे २० गाड्या त्यांनी उभ्या केल्या आणि रुग्णालयांत २०० खोल्या. स्वतः गाडी चालवायला शिकल्या. सोबत १७ वर्षांची लेक इरीन. चालवायला माणसं कमी पडली, तेव्हा त्यांनी सुमारे १५० बायकांना शिकवून तयार केलं. आपल्या गटात शिवणयंत्राचं प्रशिक्षण होतं, तसं तिथे एक्स-रे यंत्राचं. काही महिन्यांत त्या बाया लढाईच्या जवळ जाऊन काम करायला लागल्या. लाखो जखमींना त्याचा उपयोग झाला.

पण काळजी घ्यायची पुरती जाण अजून आलेली नव्हती. रेडियम आणि एक्स-रे दोन्हींसोबत वर्षानुवर्षं काम केलेल्या मेरी क्युरी १९३४ साली रक्ताच्या आजाराने गेल्या. इरीनही १९५६ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली. जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली दगडी स्मारक उभारलं. या किरणांसोबत काम करताना जीव गेलेल्या १६९ जणांची नावं त्यावर कोरली होती. पुढे त्यात भर पडत गेली.

आता आपल्या ताईच्या प्रश्नाशी जोडलेली गोष्ट. १९५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये गरोदर बाईच्या पोटाचा एक्स-रे सर्रास काढायचे. बाळ आडवं आहे का, जुळी आहेत का, ते पाहायला. अॅलिस स्ट्युअर्ट या डॉक्टरीणबाईंना प्रश्न पडला, की लहान मुलांना कर्करोग का होतोय? त्यांना वाटलं, आईला काहीतरी आठवत असेल. म्हणून त्यांनी मूल गमावलेल्या आयांना गाठलं, आणि धडधाकट मुलांच्या आयांनाही तेच प्रश्न विचारले. गरोदरपणात काय खाल्लं, कोणता आजार झाला, एक्स-रे काढला का? उत्तरं जमली तेव्हा दिसलं, की कर्करोगाने गेलेल्या मुलांच्या आयांचे एक्स-रे जवळजवळ दुपटीने निघाले होते. १९५६ आणि १९५८ साली त्यांनी हे छापलं. मोठ्या मंडळींनी बरीच वर्षं मानलं नाही. शेवटी मानावं लागलं आणि ती पद्धत बंद पडली. दुप्पट म्हटलं तरी लहान मुलांना कर्करोग मुळात क्वचितच होतो, हेही लक्षात ठेवा. पण टाळता येणारा धोका का घ्यायचा?

आज दवाखान्यात जे नियम आहेत, ते असे कुणाच्या तरी हातांची आणि कुणाच्या तरी लेकरांची किंमत मोजून आले आहेत. आपल्या देशात त्यासाठी १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. एक्स-रे यंत्राला त्याचा परवाना लागतो.

नियमांचं सार तीन शब्दांत सांगता येतं. वेळ, अंतर, आडोसा. चूल आठवा. जितका वेळ जवळ बसाल तितकी धग जास्त. लांब सरकलं की कमी. मध्ये पत्रा धरला की आणखी कमी. क्ष-किरणांचंही तसंच. अंतर दुप्पट केलं की मारा चौथ्या हिश्शावर येतो. आडोशासाठी शिसं वापरतात, म्हणून तो एप्रन जड असतो. फोटो काढणारे दादा किंवा ताई बटण दाबताना भिंतीआड जातात ते यासाठीच. आपल्याला एकटं सोडलं म्हणून घाबरू नका. आपला फोटो कधीतरी एकदा, त्यांना दिवसभर तेच काम. त्यांच्या छातीवर छोटा बिल्ला असतो, तो त्यांना किती किरण लागले ते मोजायचा.

आता भीतीचं. छातीच्या एका फोटोत जेवढे किरण लागतात, तेवढे माती, दगड आणि आकाशातून आपल्याला साधारण दहा दिवसांत तसेही लागतात. बटण बंद झालं की किरण संपले, बॅटरी विझवल्यावर उजेड जातो तसे. अंगात, कपड्यात काही उरत नाही. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, तिथे आवाजाच्या लहरी असतात. सीटी स्कॅनमध्ये मात्र साध्या फोटोपेक्षा कितीतरी पटीने जास्त किरण लागतात. तो डॉक्टरांनी सांगितल्यावरच करावा, आपण हट्ट धरू नये.

म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल आणि छातीचा फोटो सांगितला, तर मागे हटू नका. न काढलेल्या फोटोने क्षयरोग लपतो आणि घरभर पसरतो.

आमच्या गटाने मात्र काही गोष्टी ठरवल्या आहेत. खोलीच्या दारातच सांगायचं, "मला दिवस गेलेत," किंवा "पाळी चुकली आहे." सोबत दीर असो की सासरे, नर्सताईला बाजूला घेऊन कानात सांगायचं. गरज असेल तर डॉक्टर तरीही फोटो काढतील, पण विचार करून आणि जपून काढतील. मुलाला धरायचं असेल तर एप्रन मागायचा, आणि पोटुशी बाईने धरायचंच नाही, दुसऱ्या कुणाला धरायला लावायचं. जुने फोटो कपाटात जपून ठेवायचे आणि पुढच्या वेळी सोबत न्यायचे, म्हणजे तोच फोटो पुन्हा काढावा लागत नाही. आणि चुकून काही झालंच, तर शेजारणीचं ऐकून कोणताही निर्णय घ्यायचा नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं.

पुढच्या सभेत हे चार शब्द सगळ्यांना सांगा. ज्या सुनेला बोलायची लाज वाटते, तिच्यासोबत आपल्यातली एक जण जा. आमच्या ताईसोबत त्या दिवशी कुणी असतं, तर तिचे ते दिवस उपाशी गेले नसते.

नमस्कार.