एलओएल आणि अ. उ. आ.

माझ्या निरोपांना नातू बऱ्याचदा नुसतं 'एलओएल' असं उत्तर पाठवायचा. मी आपला 'लॉट्स ऑफ लव्ह' समजून सुखावत होतो. परवा सूनबाई म्हणाल्या, "बाबा, ते 'लाफिंग आउट लाउड', म्हणजे मोठ्यानं हसणं." दोन वर्षं साठवलेलं प्रेम क्षणात हसण्यावारी गेलं!

मास्तरकीची खोड, म्हणून जरा मुळाशी गेलो. एलओएल मे १९८९ च्या 'फिडोन्यूज' या संगणकावरच्या वार्तापत्रात सापडतं. 'ओएमजी' (ओह माय गॉड) तर त्याहून कितीतरी जुनं. ९ सप्टेंबर १९१७ रोजी ब्रिटनचे माजी नौदलप्रमुख लॉर्ड फिशर यांनी चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ते आहे. नव्या किताबाची थट्टा करताना त्यांनी ते वापरलं. फिशर तेव्हा ७६ वर्षांचे, म्हणजे माझ्याच वयाचे! पण त्यांनी पुढे कंसात पूर्ण अर्थही लिहिला होता.

आपल्या पत्रांत तरी वेगळं काय होतं? ती. बाबांस, चि. बाळास, कृ. सा. न. वि. वि. (कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष). अर्थ कुणी विचारत नसे, कारण वडीलधारे शेजारी बसवून पत्र लिहायला शिकवत.

मग नातवालाच विचारलं, "मी शेवटी 'अ. उ. आ.' लिहितो, ते तुला कळतं ना?"

"आजोबा, मला वाटायचं तुमचं काहीतरी दुखतंय!"

चूक माझीच. आता फिशरसाहेबांसारखं पूर्ण लिहितो: अनेक उत्तम आशीर्वाद.

त्यावर त्याचं उत्तर आलं, एलओएल. कंसात, 'लॉट्स ऑफ लव्ह'.