खानदेशातील हरितगृहे

हरितगृह म्हणजे पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक आच्छादनाखाली पिकाभोवतीचे ऊन, वारा, पाऊस, तापमान व आर्द्रता काही प्रमाणात नियंत्रित करता येईल असा सांगाडा होय. अशा लागवडीस संरक्षित शेती असेही म्हणतात. महाराष्ट्राच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, म्हणजे खानदेशात, लहान क्षेत्रावर भाजीपाला व रोपे वाढविण्यासाठी हरितगृहांचा वापर केला जातो. थंड देशांत हरितगृहाचे काम उष्णता धरून ठेवणे हे असते. खानदेशात मात्र उष्णता बाहेर काढणे आणि वाऱ्यापुढे टिकणे ही त्याची मुख्य कामे ठरतात. त्यामुळे येथील हरितगृहाची रचना, पिकांची निवड आणि हंगामाचे वेळापत्रक ही तिन्ही वेगळी असतात.

प्रकार

पॉलिहाउस : जस्तलेपित लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर अतिनील किरणांना तोंड देणारी, साधारणतः २०० मायक्रॉन जाडीची पॉलिथिन फिल्म ताणून बसविलेली असते. बाजूंना कीटकरोधक जाळी व गुंडाळता येणारे पडदे, तर छताच्या माथ्यावर गरम हवा निघून जाण्यासाठी कायमची उघडी फट असते. पंखे किंवा अन्य यंत्रे न वापरता वाऱ्यावर चालणाऱ्या या रचनेस नैसर्गिक वायुवीजनाचे हरितगृह म्हणतात. महाराष्ट्रातील बहुतेक पॉलिहाउस याच प्रकारची आहेत.

शेडनेटगृह : यात फिल्मऐवजी छतावर व बाजूंना सावलीची जाळी असते. ३५, ५० व ७५ टक्के सावली देणाऱ्या जाळ्या प्रचलित असून भाजीपाल्यासाठी बहुधा ५० टक्क्यांची जाळी वापरतात. हे पॉलिहाउसपेक्षा स्वस्त असते व त्यात हवा खेळती राहते. मात्र ते पाऊस अडवीत नाही.

प्लॅस्टिकचे बोगदे : लवविलेल्या सळया किंवा बांबूच्या कामट्यांवर फिल्म अथवा जाळी टाकून वाफ्यापुरते केलेले, गुडघाभर उंचीचे आच्छादन. रोपवाटिकेसाठी हा सर्वांत कमी खर्चाचा पर्याय आहे.

इतिहास

आच्छादनाखाली भाजी पिकविण्याची कल्पना प्राचीन आहे. रोमन सम्राट टायबेरियस याच्यासाठी पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली काकडीवर्गीय फळे वाढवीत, असा उल्लेख प्लिनीच्या ग्रंथात आढळतो. काचेची हरितगृहे पुढे युरोपात, विशेषतः नेदरलँड्समध्ये, विकसित झाली. १९४८ मध्ये अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे प्राध्यापक एमरी एमर्ट यांनी काचेऐवजी प्लॅस्टिकचे आच्छादन वापरून दाखविले. त्यामुळे हरितगृह सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात येण्याचा मार्ग मोकळा झाला.

भारतात लडाखमधील लेह येथे संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेने कडाक्याच्या थंडीत ताजी भाजी मिळावी म्हणून हरितगृहांवर आरंभीचे काम केले. महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे परिसरात फुलशेतीसाठी पॉलिहाउस उभी राहू लागली. मावळातील तळेगाव दाभाडे येथे त्यासाठी प्रशिक्षणाची सोयही झाली.

पिकाला आडोसा देण्याची रीत खानदेशाला नवीन नव्हती. केळीच्या बागेभोवती वारा अडविण्यासाठी शेवरी किंवा गजराज गवत लावण्याची पद्धत येथे रूढ आहे, आणि पानमळ्यांत वेलींना आधार व सावली देण्यासाठी शेवरी, हादगा, पांगारा ही झाडे लावीत. आधुनिक हरितगृहाच्या प्रसारास केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांचाही हातभार लागला. प्रयोगशाळेतून निघालेले केळीचे कोवळे रोप आधी पॉलिहाउसच्या दमट हवेत आणि नंतर शेडनेटखाली काही आठवडे ठेवून उन्हाला सरावलेले करावे लागते. जळगावच्या जैन इरिगेशन सिस्टिम्स या कंपनीने १९९० च्या दशकात ग्रँड नैन जातीच्या अशा रोपांचा व त्याबरोबर ठिबक सिंचनाचा मोठा प्रसार केला. कंपनीचे संस्थापक भवरलाल जैन (१९३७–२०१६) हे जामनेर तालुक्यातील वाकोदचे. हे गाव पहूरजवळच आहे.

हवामान आणि त्याचे परिणाम

पहूर हे जामनेर तालुक्यातील गाव जळगावहून अजिंठ्याकडे व पुढे छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या मार्गावर, वाघूर नदीच्या खोऱ्यात आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी वाघूर ही तापीची उपनदी होय. परिसरातील जमीन मुख्यतः काळी असून कापूस हे प्रमुख पीक आहे. जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान ७०० मिलिमीटरच्या आसपास असून बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

एप्रिल–मे महिन्यांत जळगाव–भुसावळ पट्ट्यात पारा अनेकदा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचतो, तर हिवाळ्यात काही रात्री तो १० अंशांच्या खाली उतरतो. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर राहू लागले की ढोबळी मिरची व टोमॅटो यांची फुले गळतात. पॉलिहाउसच्या आतील हवा भर उन्हात बाहेरच्या हवेपेक्षा अधिक तापते. म्हणून खानदेशात एप्रिल–मेमध्ये पॉलिहाउसमधून ढोबळी मिरचीचे चांगले उत्पन्न मिळणे कठीण असते. शेडनेटखालीही हवेचे तापमान काही अंशांनीच घटते, परंतु थेट ऊन पानांवर व फळांवर न पडल्याने करपण्याचे प्रमाण कमी होते. दुसरा धोका मे–जूनमधील वादळी वाऱ्याचा आहे. याच वाऱ्याने रावेर–यावल भागातील केळीच्या बागा आडव्या होतात.

उभारणी

लहान शेतकऱ्यासाठी १० गुंठ्यांचे, म्हणजे सुमारे १००० चौरस मीटरचे हरितगृह हे सोयीचे माप मानले जाते. ८ मीटर × ४ मीटर अंतरावर खांब धरून आतील भाग २४ × ३२ मीटर घेतला आणि भोवती २ मीटरची पडवी सोडली, तर एकूण माप २८ × ३६ मीटर, म्हणजे १००८ चौरस मीटर होते.

जागा : पाणी न साचणारी, विहिरीजवळची आणि मोठ्या झाडांच्या सावलीपासून दूर असलेली जागा निवडतात. पश्चिमेस काही अंतरावर वारारोधक झाडांची रांग असल्यास वादळाचा जोर कमी होतो.

दिशा : छतांमधील पन्हळी दक्षिणोत्तर ठेवतात. त्यामुळे पन्हळीची सावली एकाच ओळीवर दिवसभर न राहता सरकत जाते. या भागात जोराचा वारा मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्येकडून येत असल्याने माथ्यावरील फट पूर्वेकडे उघडी ठेवतात. अशा वेळी वारा छतावरून जाताना आतील गरम हवा ओढून नेतो, आत शिरून छत उचलीत नाही.

उंची : गरम हवा वर चढते, म्हणून उष्ण प्रदेशात पन्हळीपर्यंतची उंची ४ ते ४.५ मीटर व माथ्याची ६ मीटरच्या वर ठेवणे हितकारक असते. खर्च वाचविण्यासाठी उंची कमी केल्यास तो तोटा पुढे प्रत्येक उन्हाळ्यात सोसावा लागतो.

पाया : काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे खांबाचे खड्डे मुरमाच्या थरापर्यंत नेऊन पायाची नळी काँक्रीटमध्ये बसवावी लागते. केवळ मातीत रोवलेले खांब एकदोन हंगामांत हलतात व फिल्म सैल पडते. सैल फिल्म वाऱ्याने फडफडून फाटते. म्हणून ती ॲल्युमिनियमच्या पट्टीत नागमोडी स्प्रिंगने घट्ट बसवितात. वादळाच्या वेळी वाऱ्याकडील पडदे खाली सोडून ठेवतात.

उन्हाळ्याची तजवीज : छताखाली सरकती सावलीची जाळी बसवितात, किंवा मार्चमध्ये फिल्मवर पांढऱ्या खडूचे द्रावण फवारतात, पहिल्या पावसाने ते धुऊन निघते. हवा कोरडी असल्याने धुके सोडणाऱ्या फॉगरने तापमान उतरते, परंतु त्यास स्वच्छ पाणी व वीज दोन्ही वेळेवर लागतात. जड पाण्यातील क्षारांनी त्यांची तोंडे बुजतात.

पाणी

ठिबकवरील ढोबळी मिरचीस हंगामानुसार प्रति चौरस मीटर रोज साधारण २ ते ३ लिटर पाणी लागते. म्हणजे १० गुंठ्यांस दोन ते तीन हजार लिटर. पॉलिहाउसचे छत हेच पाणी मिळविण्याचे साधन होऊ शकते. १००८ चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ७ लाख लिटर पाणी येते. त्यातील ८० टक्के पन्हळींतून अस्तराच्या शेततळ्यात साठविल्यास साडेपाच लाख लिटर, म्हणजे बाष्पीभवन वजा न करता सुमारे सात महिन्यांची गरज भागते. शिवाय हे पाणी क्षारमुक्त असते. शेडनेटगृहास हा लाभ मिळत नाही.

माती व वाफे

निचरा कमी असलेली काळी माती हरितगृहास प्रतिकूल असते. म्हणून बाहेरून पोयट्याची किंवा लाल माती आणून, त्यात कुजलेले शेणखत मिसळून सुमारे ९० सेंटिमीटर रुंद व ३० ते ४५ सेंटिमीटर उंच गादीवाफे करतात आणि मधे ५० सेंटिमीटरची वाट ठेवतात. दुहेरी ओळीने लावल्यास १० गुंठ्यांत ढोबळी मिरचीची सुमारे २५०० ते ३००० रोपे बसतात.

एकाच जागी वारंवार तीच पिके घेतल्याने सूत्रकृमी व मर रोग वाढतात. येथे खानदेशी ऊन उपयोगी पडते. मे महिन्यात ओलावलेल्या वाफ्यांवर पारदर्शक पॉलिथिन चार ते सहा आठवडे घट्ट पसरून ठेवल्यास वरच्या थरातील बरेचसे रोगजंतू, सूत्रकृमी व तणांचे बी मरते. त्यानंतर निंबोळी पेंड व ट्रायकोडर्मा मिसळतात.

पिके व हंगाम

पॉलिहाउसमध्ये ढोबळी मिरचीची लागवड जुलै–ऑगस्टमध्ये करून फेब्रुवारी–मार्चपर्यंत तोडणी घेतात आणि कडक उन्हाळ्यात जमिनीस विश्रांती देतात. शेडनेटमध्ये काकडी, हिरवी मिरची व उन्हाळी कोथिंबीर घेतली जाते. मे महिन्यात उघड्या शेतातील कोथिंबीर टिकत नसल्याने तिला भाव चढा मिळतो. ट्रेमध्ये कोकोपीट भरून मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी यांची रोपे तयार करणारी रोपवाटिका ही लहान शेडनेटचा सर्वांत कमी जोखमीचा उपयोग मानली जाते.

कीटकरोधक जाळीमुळे मधमाश्याही आत येत नाहीत. त्यामुळे परागीभवनाशिवाय फळ धरणारे काकडीचे वाण लावावे लागतात. ढोबळी मिरची स्वपरागित असते. टोमॅटोच्या बांधलेल्या दोऱ्या सकाळी हलवून परागकण झाडतात. कारली, दोडका यांसाठी मादी फुलांना हाताने पराग लावावा लागतो, म्हणून ही पिके बहुधा टाळतात. भरिताचे वांगे हे जळगावचे भौगोलिक मानांकनप्राप्त पीक हिवाळ्यात उघड्या शेतातच उत्तम येते; त्यासाठी हरितगृहाची गरज नसते.

पांढरी माशी, फुलकिडे व लाल कोळी या प्रमुख किडी आहेत. दुहेरी दार, पिवळे व निळे चिकट सापळे आणि जाळीची वेळीच दुरुस्ती हे प्राथमिक उपाय होत.

खर्च, अनुदान व कर्ज

केंद्राच्या एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ मधील मापदंडांनुसार १००८ चौरस मीटरपर्यंतच्या नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलिहाउससाठी प्रति चौरस मीटर ९३५ रुपये व नळ्यांच्या शेडनेटगृहासाठी ७१० रुपये खर्च धरून त्याच्या ५० टक्के अनुदान देण्यात येई. या हिशेबाने १० गुंठ्यांच्या पॉलिहाउसचा मान्य खर्च ९ लाख ४२ हजार ४८० रुपये व शेडनेटगृहाचा ७ लाख १५ हजार ६८० रुपये होतो. हे मापदंड नंतर बदलले आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाडा व विदर्भाबरोबर जळगाव जिल्ह्यातील निवडक गावांचा समावेश होता. त्यातही शेडनेटगृहांना अनुदान मिळाले.

अनुदान उभारणी व तपासणी झाल्यावर मिळते. तोवरचे भांडवल शेतकऱ्यास स्वतः किंवा कर्जाने उभे करावे लागते. फिल्म तीन ते चार वर्षांत व जाळी साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. कर्जाचे हप्ते चालू असतानाच हा दुसरा खर्च येतो. हिशेबात तो आरंभी न धरल्यास फाटक्या आच्छादनाखालचा सांगाडा आणि थकलेले कर्ज एवढेच उरते. महाराष्ट्रात अनेक हरितगृहधारक असे अडचणीत आले. २०१७ च्या राज्य कर्जमाफीची मर्यादा दीड लाख रुपये होती, तर हरितगृहाची कर्जे त्याहून कितीतरी मोठी होती. २०२० च्या टाळेबंदीत मंदिरे व लग्नसमारंभ बंद झाल्याने फुलांची मागणी थांबली आणि फुलशेती करणाऱ्यांचे विशेष नुकसान झाले.

मर्यादा

हरितगृह पीक सुरक्षित करते, भाव सुरक्षित करीत नाही. गावच्या आठवडे बाजारात रंगीत ढोबळी मिरचीला मागणी मर्यादित असते. असा माल मोठ्या शहरांकडे पाठवावा लागतो व वाहतुकीचा खर्च वाढतो. रोज देखरेख करणारे माणूस, खात्रीचे पाणी आणि आधी ठरलेली विक्री या तीन गोष्टी नसतील तर लहान शेतकऱ्यास पॉलिहाउसपेक्षा शेडनेट, आणि शेडनेटपेक्षाही रोपवाटिकेपुरते आच्छादन अधिक परवडते. तांत्रिक मार्गदर्शन रावेर तालुक्यातील पाल, जळगावजवळील ममुराबाद व धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रांत मिळते.

हे सुद्धा पहा

ठिबक सिंचन
ऊतिसंवर्धन
शेततळे
वाघूर नदी
जामनेर तालुका