बॅटरसीचे खासदार शापुरजी सकलातवाला

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे पारावर पहिला प्रश्न निघतो तो हा : उमेदवार कुठला? गावचा, तालुक्याचा, की बाहेरचा? भंडारा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत येथून महूला जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि भावनगरला जन्मलेले अशोक मेहताही उभे होते. बाबासाहेबांचा पराभव झाला, मेहता निवडून आले. जन्माने दोघेही या जिल्ह्याचे नव्हते. पण ही एका देशातली गोष्ट झाली. मुंबईला जन्मलेल्या एका माणसाला खुद्द लंडनच्या मजुरांनी ब्रिटिश पार्लमेंटात पाठवले होते, आणि तेही हिंदुस्थान इंग्रजांच्या ताब्यात असताना. त्या शापुरजी सकलातवालांची ही हकीकत आहे.

तेथे पोहोचलेले ते पहिले हिंदी गृहस्थ नव्हेत. १८९२ साली दादाभाई नौरोजी लिबरल पक्षातर्फे अगदी थोड्या मतांनी निवडून आले. १८९५ साली मंचेरजी भावनगरी काँझर्व्हेटिव्ह पक्षातर्फे आले. सकलातवाला तिसरे. तिघेही पारशी, तिघेही मुंबईकर; पण तिघांच्या वाटा तीन. यात आणखी एक गंमत आहे. साम्राज्याचा प्रजाजन म्हणून मुंबईच्या माणसाला लंडनमध्ये उभे राहता येत असे. आपल्या स्वतःच्या देशाचे सरकार निवडण्याचा अधिकार मात्र त्याला मुंबईत नव्हता!

शापुरजींचा जन्म २८ मार्च १८७४ चा. आई जेरबाई ही जमशेटजी टाटांची बहीण. म्हणजे मामाचे घर देशातल्या मोठ्या उद्योगपतीचे. असा मुलगा गादीवर बसून सुखाने हिशेब पाहता. पण १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि हा तरुण डॉ. हाफकिन यांच्या लसीच्या कामात स्वयंसेवक म्हणून शिरला. ज्या चाळींत दिवसाही दिवा लावावा लागे, त्या चाळी त्याने तेव्हा आतून पाहिल्या.

पुढे टाटांच्या नियोजित पोलाद कारखान्यासाठी लोखंड आणि कोळसा शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्याच शोधात टाटांची माणसे वैनगंगेपलीकडे आपल्या शेजारच्या चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याच्या डोंगरापर्यंत आली होती. कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, झाला हे सर्वांना ठाऊक आहे. रानावनातल्या या हिंडण्यात शापुरजींना हिवतापाने गाठले. प्रकृती सुधारावी आणि टाटांच्या तिकडच्या कचेरीत कामही करावे, म्हणून १९०५ साली त्यांना विलायतेस पाठवण्यात आले.

मॅटलॉक नावाच्या गावी उपचार घेत असताना तेथे वाढपिणीचे काम करणाऱ्या सारा मार्श यांची ओळख झाली. १९०७ साली दोघांचा विवाह झाला. टाटांचा भाचा आणि एक कष्टकरी मुलगी! १९०९ मध्ये ते इंडिपेंडंट लेबर पार्टीत गेले आणि १९२१ मध्ये कम्युनिस्ट झाले.

आता मुख्य मुद्दा. इंग्लंडच्या मजुरांनी या माणसात काय पाहिले? सकलातवाला त्यांना सांगत होते ते मोठे व्यवहाराचे होते. स्कॉटलंडमधील डंडी हे तागाच्या गिरण्यांचे शहर. तेथल्याच भांडवलाचा मोठा ओघ हुगळीच्या काठी गेला आणि तेथे ताग विणू लागला. कलकत्त्याचा मजूर अर्धपोटी राबतो, म्हणून डंडीच्या मजुराची रोजी धोक्यात येते. तेव्हा कलकत्त्याच्या मजुराची मजुरी वाढवणे ही दया नव्हे; ती डंडीच्या मजुराच्या भाकरीची राखण आहे. याच विचाराने १९१७ साली लंडनमध्ये हिंदी कामगारांच्या हितासाठी वर्कर्स वेल्फेअर लीग उभी राहिली. सकलातवाला तिच्या प्रमुखांपैकी होते. १९२० साली मुंबईत आयटक स्थापन झाल्यावर हीच लीग तिकडे तिचे काम पाहू लागली.

हे आपल्याला लांबचे वाटण्याचे कारण नाही. बिडीची मजुरी हजारावर ठरते. दर वाढवून मागितला की ठेकेदाराचे उत्तर तयार असते : "पलीकडे कमी दरात बिडी वळून मिळते, पाने-तंबाखू तिकडे धाडतो." हे उत्तर मी माझ्या कामात कितीदा ऐकले, त्याची गणती नाही. ते ऐकले की इकडची बाई तिकडच्या बाईला शत्रू समजू लागते. वास्तविक दोघींचे सूप एकच, दुखणारी पाठही एकच. तिकडचा दर वाढल्याखेरीज इकडचा टिकत नाही, हे समजायला पुस्तक लागत नाही. पण ते पार्लमेंटात उभे राहून सांगायला छाती लागते.

नोव्हेंबर १९२२ मध्ये लेबर पक्षाच्या पाठिंब्याने ते लंडनच्या नॉर्थ बॅटरसी मतदारसंघातून निवडून आले. थेम्सच्या दक्षिण काठची ही कष्टकऱ्यांची वस्ती. १९१८ च्या कायद्याने तेथल्या पुष्कळ गरिबांना प्रथमच मत मिळाले होते. याच बॅटरसीने १९१३ साली जॉन आर्चर या कृष्णवर्णी गृहस्थांना नगराध्यक्ष केले होते. तेच आर्चर सकलातवालांचे निवडणूक प्रतिनिधी झाले. १९२३ मध्ये १८६ मतांनी हार झाली. १९२४ मध्ये उघड कम्युनिस्ट म्हणून उभे राहून ते ५४२ मतांनी पुन्हा जिंकले.

१९२६ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये सार्वत्रिक संप झाला. १ मे रोजी हाइड पार्कच्या सभेत सकलातवालांनी सैनिकांना आवाहन केले की, आपल्याच कामगार बांधवांवर गोळी झाडू नका. खटला झाला. चांगल्या वर्तणुकीचा जामीन दिला असता तर सुटका होती. त्यांनी दिला नाही आणि दोन महिने तुरुंग पत्करला.

जानेवारी १९२७ मध्ये ते मायदेशी आले आणि गावोगाव बोलले. गांधीजींशी त्यांचा जाहीर पत्रवाद झाला. चरखा बाजूला ठेवा, मजूर-शेतकऱ्यांची संघटना बांधा, लोकांना पाया पडू देऊ नका, असे त्यांनी रोखठोक लिहिले. गांधीजींनी यंग इंडियातून उत्तर दिले. आपली वाट सोडली नाही. माझ्या मते संघटनेविषयी सकलातवालांचे म्हणणे खरे होते. पण अहमदाबादेत गांधीजींच्याच मार्गदर्शनाने १९२० पासून मजूर महाजन उभे होते, याचे मोल त्यांनी कमी लेखले. ते विलायतेस परतल्यावर सरकारने त्यांना हिंदुस्थानची दारे बंद केली. ज्याला लंडनच्या पार्लमेंटात बसता येत होते, त्याला स्वतःच्या जन्मगावी पाऊल ठेवता येईना.

पक्षातही त्यांचे सुखाने चालले असे नाही. त्याच वर्षी त्यांनी लंडनमध्ये मुलांचा नवजोत विधी केला, तेव्हा पक्षाने त्यांना जाहीर दोष दिला. पुढे कम्युनिस्टांनी लेबर पक्षाशी उभा दावा मांडला. घर फुटले की चूल दोन्हीकडे विझते. १९२९ मध्ये बॅटरसीत सकलातवाला तिसऱ्या क्रमांकावर गेले. तरीही मीरत खटल्यातील कैद्यांसाठी ते बोलत राहिले. १६ जानेवारी १९३६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे स्पेनमध्ये फॅसिस्टांशी लढायला गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या तुकडीला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांची सर्व मते आपल्याला पटली पाहिजेत असे नाही. मलाही पटत नाहीत. पण बॅटरसीच्या गवंड्या-हमालांनी मत देताना हा कुठला, हे विचारले असेल आणि तेवढ्यावर ते थांबले नसतील. हा कोणासाठी बोलतो, बोलल्याची किंमत द्यायची वेळ आली तर देतो का, हेही त्यांनी पाहिले. पुढच्या निवडणुकीत लाखांदूरच्या पारावर एवढे दोन प्रश्न जास्त विचारले गेले, तरी या व्याख्यानाचे चीज झाले असे मी समजेन.