बैर-शेबाची विहीर

अब्राहामाने विहीर खणली आणि अबीमलेख राजाच्या चाकरांनी ती बळकावली. तंटा मिटवताना अब्राहामाने कळपातली सात कोकरे वेगळी काढून राजापुढे उभी केली: ही घे, म्हणजे विहीर मीच खणल्याची साक्ष राहील. मग दोघांनी शपथ वाहिली. बायबलातील उत्पत्तीच्या 21व्या अध्यायातली ही हकीकत, आणि त्या जागेचे नाव बैर-शेबा. ‘बैर’ म्हणजे विहीर. ‘शेबा’ म्हणजे सात, आणि हिब्रूत शपथ वाहण्याचे क्रियापदही त्याच तीन अक्षरांचे. कथेत कोकरे आणि शपथ दोन्ही आहेत, ती उगाच नाहीत.

26व्या अध्यायात अब्राहामाचा मुलगा इसहाक याचे चाकर तिथेच विहीर खणतात. भाषांतरकारांची खरी कसोटी इथे लागली. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात झालेल्या ग्रीक भाषांतरात या विहिरीचे नाव ‘शपथ’ झाले, सात गळाले. शिवाय चाकर सांगतात, पाणी लागले नाही! हिब्रूत ‘लो’ म्हणजे ‘त्याला’ आणि ‘लो’ म्हणजे ‘नाही’ही. उच्चार एकच, लिहिताना फरक एका अक्षराचा. तेवढ्याने विहीर कोरडी पडली.

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम बेथलेहेमात राहून थेट हिब्रूवरून बायबलाचे लॅटिन भाषांतर करू लागला. त्याने पाणी परत आणले आणि विहिरीला नाव दिले ‘विपुलता’. हिब्रूत ‘श’ आणि ‘स’ यांना अक्षर एकच. उजवीकडे टिंब दिले की श, डावीकडे दिले की स. ही टिंबे जेरोमनंतर काही शतकांनी रूढ झाली. त्याच्यापुढे बिनटिंबाचे अक्षर होते, आणि ‘स’ वाचले की अर्थ निघतो तृप्ती, रेलचेल. हे वाचन निव्वळ चूक म्हणून बाजूला टाकावे, असे मला वाटत नाही. बैर-शेबाच्या प्राचीन टेकाडावर वेशीबाहेर जी विहीर सापडली, ती सुमारे 70 मीटर खोल आहे. एवढे खणल्यावर पाणी लागले, तर त्याला विपुलता म्हणणे साजते. मात्र जेरोमने गावाचे नाव ‘बेर्साबे’ तसेच ठेवले, त्यामुळे विहिरीवरून गावाला नाव पडले हा धागाच लॅटिन वाचकाच्या हातून सुटला.

मराठी बायबलाने ‘बैर-शेबा’ हे नाव राखले, ते मला योग्य वाटते; सात आणि शपथ हे दोन्ही अर्थ मूळ कथेतच गुंफलेले आहेत. अरबीत गाव ‘बीर अस-सबा’ झाले. तिथेही सात आहेच, पण ‘सिंहाची विहीर’ अशीही फोड लोक करतात. आजचे शहर ओटोमन राजवटीने 1900 मध्ये वसवले. पुढे कोकणातून गेलेली कित्येक बेने इस्राएली ज्यू कुटुंबे तिथे आणि जवळच्या दिमोनात स्थायिक झाली.