फ्लाय फिशिंगचे रील्स बघून तलावावर निघालात? आधी पाण्याचा हंगाम समजून घ्या

पहिला दमदार पाऊस झाला की इन्स्टाग्रामवर एक ठरलेलं रील फिरायला लागतं. लालसर गढूळ पाणी, सांडव्याखाली उभी पोरं आणि कुणाच्या तरी हातात फडफडणारा मासा. अंगठा जरा वर सरकवला की पुढचं रील हिमाचलचं निघतं. काचेसारखी नदी, त्यात उभा एक माणूस आणि हवेत वेटोळी घेत लांबवर जाणारी दोरी. या दुसऱ्या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात. हे आपल्या गावच्या तळ्यावर जमेल का, आणि जमलं तर कधी?

उत्तर आधीच सांगून टाकतो. जमतं, पण पावसाळ्यात नाही. नांदूरघाटसारख्या मराठवाड्यातल्या गावाच्या आसपास त्यासाठी बरे दिवस म्हणजे साधारण ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. बाकीच्या महिन्यांत गळ घरीच का ठेवायचा, ही मात्र जरा मोठी गोष्ट आहे.

फ्लाय म्हणजे नुसती माशी नाही

आपल्या नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावतात, वर शिशाचं वजन बांधतात आणि त्या वजनाच्या जोरावर दोरी पाण्यात जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं असतं. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून किड्यासारखं किंवा छोट्या माशासारखं काहीतरी बनवतात. त्याला वजन जवळपास नसतंच. जड असते ती दोरी. तीच मागे-पुढे झुलवून फेकायची, आणि तिच्या टोकाला ती खोटी माशी अलगद पाण्यावर उतरवायची.

खोट्या माशीला वास नाही, चव नाही. म्हणजे मासा फसणार तो फक्त डोळ्यांनी. पाणी गढूळ असेल तर त्याला काही दिसतच नाही, आणि मग तुमचा महागडा रॉड म्हणजे नुसती हवा हलवायची काठी.

मासा कोणता, यावरही बरंच अवलंबून आहे. आपल्या तलावांत सगळ्यात जास्त सोडले जातात ते कटला, रोहू आणि मृगळ. कटला पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ-वनस्पतींवर जगतो, मृगळ तळाचा गाळ चिवडतो. हे तिघेही किड्यामागे झेप घेणारे नाहीत, त्यामुळे माशीला क्वचितच भुलतात. माशीवर किंवा बेडकाच्या नकलेवर खरा तुटून पडतो तो मरळ. चिलापीही, म्हणजे तिलापियाही, छोट्या माशीला तोंड लावतो. आणि महाशीर? त्याला वाहतं, स्वच्छ, दगडगोट्यांचं पाणी लागतं. पाझर तलावात तो शोधत बसू नका.

नांदूरघाटचं पाणी वर्षभर तेच नसतं

नांदूरघाट हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगररांगांच्या परिसरातलं गाव. हा सगळा पर्जन्यछायेचा प्रदेश. इथलं बहुतेक पाणी म्हणजे पाझर तलाव, साठवण तलाव, कोल्हापुरी बंधारे आणि शेततळी. यातले कितीतरी तलाव १९७२ च्या दुष्काळानंतर, रोजगार हमीच्या कामांतून मराठवाडाभर उभे राहिले. ते खोदले शेतीसाठी आणि पिण्यासाठी. मासे त्यात नंतर आले.

याच तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. त्याची एकूण साठवण सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर आहे, आणि त्यातला सुमारे ४७ दशलक्ष घनमीटर मृतसाठा आहे. मृतसाठा म्हणजे दरवाजाच्या पातळीखालचं, सहज बाहेर न काढता येणारं पाणी. बातम्यांत हा शब्द आला की आपल्याला नळाची काळजी वाटते. माशांसाठी मात्र कडक उन्हाळ्यात तेवढंच घर उरलेलं असतं. २०१६ मध्ये तर मांजरा कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ती पाण्याची रेल्वे सगळ्यांना आठवते. त्या धरणातल्या माशांचं आणि त्यांच्यावर पोट असलेल्यांचं काय झालं असेल, याचा विचार फारसा कुणी केला नाही.

थोडक्यात, इथे हंगाम कॅलेंडरवर नाही, पाण्याच्या पातळीवर ठरतो. एखाद्या वर्षी तलाव जुलैतच भरतो, एखाद्या वर्षी सप्टेंबरच्या परतीच्या पावसापर्यंत वाट बघायला लावतो.

पावसाळा: ज्या दिवसांत मासा सापडतो, त्याच दिवसांत सोडायचा

मृग लागला की मासे खायचे, ही पद्धत महाराष्ट्रात बऱ्याच भागांत आहे. ती आली कुठून हे समजायला ‘चढणीचे मासे’ हा शब्द पुरेसा आहे. पहिल्या पुराचं पाणी ओढ्यानाल्यांतून खाली आलं की मासे त्या प्रवाहाच्या उलट दिशेला चढायला लागतात. उथळ, नव्यानं भिजलेल्या जमिनीवर, गवतात, शेताच्या बांधाशी जाऊन अंडी घालतात. कोकणात यालाच वलगण म्हणतात. मासे इतके वेडे होऊन चढतात की टोपलीनं, काठीनं, अगदी हातानंही सापडतात.

आणि घोळ इथंच आहे. त्या दिवसांत पकडलेल्या मादीच्या पोटात अंडी असतात. मोठ्या मादीच्या पोटात ती लाखांत असू शकतात. ‘एकच तर मासा नेला’ हे वाक्य जानेवारीत खरं असतं, जूनमध्ये नसतं.

मरळचं प्रकरण तर आणखी वेगळं. हा मासा नुसती अंडी घालून निघून जात नाही. नर-मादी पाणवनस्पतींत जागा साफ करतात, अंडी राखतात, आणि पिलं बाहेर आली की त्यांच्याखाली पहाऱ्याला थांबतात. पावसाळ्यात तळ्याच्या कडेला पाण्यावर लालसर-केशरी ठिपक्यांचा एक थवा वळवळताना दिसतो. ती मरळची पिलं. जवळ काहीही आलं, बेडूक असो की प्लास्टिकचा बेडूक, खालचा पालक मासा त्यावर तुटून पडतो. तो भूक लागली म्हणून येत नाही, हुसकावायला येतो. काही हौशी लोक नेमका हाच थवा हेरून त्यात गळ टाकतात. रील जबरदस्त बनतं. पण पालक गेला की त्या पिलांना इतर मासे आणि पक्षी भराभर टिपतात. माझ्या मते यात कौशल्यही नाही आणि खेळही नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. १ जून ते ३१ जुलै ही जी मासेमारीबंदी आपण बातम्यांत ऐकतो, ती समुद्रातल्या यांत्रिक नौकांसाठी असते. ती गावच्या तळ्याला लागू नाही. म्हणून तळ्यावर काहीही चालतं असंही नाही. स्फोटकं लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं १८९७ च्या मासेमारी कायद्यापासून गुन्हा आहे. जिलेटिनच्या कांड्या विहिरींसाठी आणतात आणि त्यातली एखादी डोहात जाते, हे ग्रामीण भागात कुणाला माहीत नाही?

पावसाळ्यात गळ न टाकण्याचं आणखी एक साधं कारण म्हणजे जीव. सांडव्यावरचं शेवाळ, अचानक वाढणारं पाणी, धरणाचा विसर्ग हे धोके सगळ्यांना ठाऊक असतात. त्यात अलीकडे एकाची भर पडली आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत बऱ्याच तलावांतला गाळ पोकलेननं उपसला गेला. शेतीला त्याचा फायदा झाला, आणि खोल खड्ड्यांत उन्हाळ्यात थोडं जास्त पाणी टिकलं तर माशांचाही होतो. पण तलाव भरल्यावर ते खड्डे वरून दिसत नाहीत. कमरेएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की थेट डोक्यावर पाणी. वर काळ्या मातीचा चिखल पाय धरतो. रीलमधला तो हिमाचलचा माणूस पाण्यात उभा असतो, कारण त्याच्या पायाखाली गोटे आहेत. आपण काठावरूनच गळ टाकावा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी: हाच तो काळ

परतीचा पाऊस थांबला की ओढ्यांचं पाणी कमी होतं आणि तलावातला गाळ बसायला लागतो. काळ्या मातीचे कण फार बारीक असतात, त्यामुळे याला दिवस नाही, आठवडे लागतात. दिवाळीच्या आसपास पाणी हिरवट पण पारदर्शक दिसायला लागतं. सोपी चाचणी म्हणजे काठावरून हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. बोटं दिसली तर माशी टाकण्यात अर्थ आहे.

या दिवसांत पाणी थंड असतं आणि थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. १५ अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे हिवाळ्यात पकडून परत सोडलेला मासा सावरण्याची शक्यता बरीच जास्त.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी अजून कोमट असताना मरळ चांगला चालतो, तोही पाणवनस्पतींच्या कडेला. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात मासे सुस्तावतात, मग पहाटे पाचला जाऊन कुडकुडण्यात काही हशील नाही. ऊन वर आल्यावर, दहानंतर उथळ पाणी तापतं आणि चिलापी कडेला येतात. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, नाहीतर ती दोरी तुमच्याच मानेत अडकेल.

नवशिक्यांना माझा सल्ला चिलापीपासूनच सुरुवात करण्याचा आहे. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते, त्यामुळे त्याची संख्या झपाट्यानं वाढते आणि तो इतर माशांचं खाणं बळकावतो. चार चिलापी घरी नेल्यानं तळं रिकामं होत नाही.

मासा परत सोडायचा असेल तर गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच पकडीनं दाबून सपाट करा. हात ओले करून मासा धरा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग बुरशी धरते. फोटो काढायचाच असेल तर मोबाईल आधी तयार ठेवा, मासा नंतर उचला.

उन्हाळा: मासे सोपे होतात, म्हणूनच थांबायचं

मार्चपासून पातळी उतरते. मे महिन्यात मोठा तलावही डबक्यांवर येतो. पाणी तापतं, ऑक्सिजन कमी होतो, आणि पहाटे तर अगदी तळाला जातो, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेत असतं. सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून गटांगळ्या घेताना दिसले, तर तो हंगाम नाही, ती धोक्याची खूण आहे. अशा पाण्यात गळाशी पाच मिनिटं झुंजलेला मासा सोडला तरी बहुधा मरतो.

शहरातलं पाणी

शहरात राहता म्हणून नदी जवळ आहे, एवढ्यावर रॉड उचलू नका. सांडपाणी मिसळणाऱ्या प्रवाहांत टिकतात ते कमी ऑक्सिजनमध्ये तग धरणारे चिलापी आणि मागूरसारखे मासे. ते खाऊ नयेत. आफ्रिकी मूळ असलेला थाई मागूर गळाला लागला तर परत पाण्यातही सोडू नये. त्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे आणि तो दिसेल ते खातो.

पुण्याची गोष्ट यात सगळ्यात बोचरी आहे. दख्खनी महाशीरचं शास्त्रीय वर्णन विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. ‘टॉर खुद्री’ या नावातलं ‘खुद्री’ त्यानं इथल्याच लोकांकडून उचललं. आज मुळा-मुठेचं पुण्याखालचं पाणी बघून महाशीरचं नाव कुणाच्या तोंडी येणार नाही. या माशाची पैदास टाटा पॉवरनं १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवणला केली आणि तिथून त्याची पिलं ठिकठिकाणी गेली.

मुंबईत १८९१ चा पवई तलाव आहे. तिथं महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन बऱ्याच वर्षांपासून गळानं मासे पकडण्याचा छंद जपते. तलावात जलपर्णी आहे आणि मगरीही आहेत, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तळ्यातला मासा कुणाचा?

आता सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा. रोहू, कटला, मृगळ हे मुळात नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन त्यांची अंडी मिळवली आणि मग देशभर मत्स्यबीज केंद्रं शक्य झाली. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्यासाठीच असतो. याचा साधा अर्थ असा की गावच्या तलावात गळाला लागलेला रोहू बहुधा कुणीतरी पैसे मोजून, बोटाएवढा असताना सोडलेला असतो. त्या पिलांना बोटुकली म्हणतात.

महाराष्ट्रात असे जलाशय बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिले जातात. संस्थेचे लोक पावसाळ्यात बोटुकली सोडतात आणि हिवाळ्यापासून मासे काढायला लागतात. मध्ये तलाव सांडव्यावरून वाहिला तर मासे पाण्याबरोबर निघून जातात, आटला तर मरतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मांजरा आणि सिंदफणेला पूर आले तेव्हा बातम्या पिकांच्या आणि घरांच्या होत्या, आणि ते रास्तच होतं. पण असा पूर तलावांतलं वर्षाचं भांडवलही घेऊन जातो.

म्हणून जाण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा काठावर जाळं सुकवत बसलेल्या माणसाला विचारा, तलाव कोणत्या संस्थेकडे आहे. ठेका असेल तर परवानगी संस्थेची. शंका असेल तर जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात माहिती मिळते. शेततळं असेल तर ते सरळसरळ शेतकऱ्याचं. ‘मी फक्त पकडून सोडतो, दादा’ असं सांगितलं तर बरेचदा हसून होकार मिळतो, आणि बहुतेक वेळा मरळ कुठल्या कोपऱ्यात बसतो हेही फुकटात कळतं.